कुलगुरूंच्या घरातली मावशी

ताई गेल्याचा फोन आधी विद्यापीठात गेला, मग घरी आला. दवाखान्यानं कुलगुरू कार्यालयाचाच नंबर लावला म्हणे. ताई कुलगुरूपदावरून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिला मान त्या कार्यालयाचाच! मी सख्खी बहीण, तिच्यासाठी खिचडीचा डबा भरत होते... महिना उलटला, पण तो राग काही जात नाही.

भाऊजी अचानक गेले तेव्हा ताईची मिनू जेमतेम बोलू लागली होती आणि ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पोरीला सांभाळायला मी काटोलहून प्रताप नगरला ताईच्या घरी आले ती थोड्या दिवसांसाठी. राहिले कायमचीच. ताई विभागप्रमुख झाली, पुढे कुलगुरू झाली. हुशार तर होतीच, वर कुणाच्या दबावाला भीक घालायची नाही. निकाल रखडले म्हणून पोरांनी घरावर मोर्चा आणला, तर ही फाटक उघडून त्यांच्यातच जाऊन बसली. तिथूनच ओरडली, "शोभे, चहा टाक वं साऱ्यांसाठी!" पोरं निवळली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कुलगुरूंनी आंदोलकांना चहा पाजला. पाजला म्हणे! पातेली घासून माझे हात भरून आले, ते कोण छापणार?

तेही सोसलं असतं. मी जळले ती मिनूवरून. रोजची वेणी मी घालायची, शाळेत मी सोडायची, तापात उशाशी मी. ताईला वेळ रविवारी. तेलाची वाटी घेऊन बसायची आणि अशी वाकडी वेणी घालायची की बघवत नसे. मिनू सोमवारी तीच वेणी मिरवत शाळेत जायची. "नीट करून देऊ काय?" म्हटलं की डोक्यावर हात ठेवून पळायची. "आईनं घातली आहे ती!" एकदा न राहवून मी ताईला म्हटलं, "तुले बरी पोरगी आयती भेटली." ती फाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आयती कुठची वं? मले तर उरलेली भेटते..." खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. पुण्याहून आलेली मिनू दुपारी ताईच्या खोलीत पडली होती, मी स्वयंपाकघरात होते. आतून हाक आली, "आई..." झोपेत मारली की सवयीनं, कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

दारात जाऊन उभी राहिले. मिनू उठून बसली होती. माझ्याकडे बघून तिचं तोंड एवढंसं झालं. "तू होय, मावशी..." म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. मनात म्हटलं, ताई, गेलीस तरी जागा सोडली नाहीस वं. आणि मग मलाही रडू आवरेना. मलाही ताईलाच तर हाक मारायची होती.