चव्वेचाळीस नंबरची बाही

कारखान्यात तिला सगळे टाकेबाई म्हणत. बावीस वर्षं स्वेटर विणायच्या मशीनवर बसून तिला उठता-बसता टाके मोजायची सवय लागली होती. जिना चढतानाही ओठ हलत. मग उजवं मनगट सुजायला लागलं. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा. सोडून जायचं कुठे, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मशीनशिवायचं काम तिथे एकच होतं, मापाच्या टेबलावरचं. चोवीस ते चव्वेचाळीस अशी अकरा मापं. कुठल्या मापाला किती टाक्यांनी सुरुवात करायची, बाहीला किती टाके वाढवत न्यायचे, याचे तक्ते विणणाऱ्या बायकांना काढून द्यायचे. साहेब त्यासाठी तयार सॉफ्टवेअर आणायच्या विचारात होते. टाकेबाई वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रामिंग शिकली होती. ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "तक्ते काढणारा प्रोग्राम मी लिहून देते."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुढच्या गुरुवारी दुपारी दाखवा. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं, तर पुढचं मला बोलायला लावू नका, बाई."

घरी बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून जुना डेस्कटॉप होता, धाकट्या दिरांच्या ऑफिसातून निवृत्त होऊन आलेला. प्रोग्राम तिने वहीत लिहून काढलाच होता. पण वहीतल्या ओळी कॉम्प्युटरला कळतील अशा करून देणारा कंपायलर हवा, आणि वर्गातला कंपायलर वर्गातच राहिला होता. भावजींनी तिला तीन आणून दिले.

पहिला भलताच थाटाचा. तो कॉम्प्युटरवर चढवायला घेतला आणि टाकेबाईची भांडी झाली, कपडे वाळत घालून झाले, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच. शेवटी डेस्कटॉपने मान टाकली. दुसरा अगदी आटोपशीर. बटण दाबायच्या आधी तिने डोळे मिटले. देवा, चूक असेल तर आत्ताच दाखव, साहेबांसमोर नको. बटण दाबताच अकरा मापांचे अकरा तक्ते समोर. तक्रार एक नाही.

तिसऱ्यात तोच प्रोग्राम घातला, तर त्याने आधी एकोणीस हरकती काढल्या.

"वहिनी, दुसराच घ्या," भावजी म्हणाले. "हा तिसरा आमच्या आईसारखा आहे. मीठ बरोबर पडलं तरी चमचा कुठे ठेवला ते विचारणार."

"ऐकू येतंय मला," आतून सासूबाई म्हणाल्या. "आणि चमचा अजून सापडलेला नाही."

टाकेबाई हसली, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. कितीतरी नव्या मुलींना तिने मशीनवर बसायला शिकवलं होतं. सारखी प्रश्न विचारणारी मुलगी डोकं उठवते खरी. पण जी गप्प मान डोलावते, तिचीच बाही पुढे उसवावी लागते. आणि देवाकडे मागितलं काय होतं आपण? चूक दाखव, एवढंच ना? मग एकोणीस वेळा दाखवतोय तर तोंड का फिरवायचं.

"भावजी, मी तिसरा घेते."

"तुमची मर्जी. मनगटाबरोबर डोकंही सुजेल."

तीन सकाळी ती हरकती निस्तरत बसली. अठरा तर किरकोळच निघाल्या. लिहून ठेवलेलं नाव कुठे वापरलंच नाही, कुठे कंस संशयास्पद. एकोणिसावी मात्र हटेना. बाहीच्या वाढीचा आकडा ठरवण्याआधीच वापरला जात असेल, असं तिसऱ्याचं म्हणणं होतं.

"सोडा हो," भावजी म्हणाले. "तक्ते निघतायत ना?"

तिने सोडलं नाही. पडद्यावर बोट ठेवून एकेक माप वाचत खाली आली. चोवीसला वाढ लिहिलेली, सव्वीसला लिहिलेली, बेचाळीसला लिहिलेली. चव्वेचाळीसला ओळच नाही. पिशवीतून कारखान्याचा मापांचा मूळ कागद काढला. चव्वेचाळीसच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. ते माप सगळ्यात जुन्या विणणाऱ्या मावशी करत, अंदाजाने, आणि त्यांचं बघून बाकीच्या बायका, कमी-जास्त. बावीस वर्षं तिनेही तसंच केलं होतं, म्हणून ती रेघ कधी डोळ्यांत खुपलीच नाही.

"मग दुसऱ्याने चव्वेचाळीसला अठरा कुठून आणले?" तिने विचारलं.

भावजी खुर्ची ओढून जवळ बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, "बेचाळीसचे अठरा तिथेच पडून राहिले होते. त्याने तेच उचलले आणि गप्प बसला." मग खुर्ची मागे सरकवत, "वहिनी, मी काही बोललो नव्हतो असं समजा."

बुधवारी ती कारखान्यात मावशींच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. "मावशी, चव्वेचाळीसच्या बाहीला किती टाके वाढवता?"

"मोजतंय कोण? हाताला कळतं."

"तुमचे हात चालू द्या. मोजायचं मी बघते."

बाही पुरी झाली तेव्हा आकडा तेवीस होता. अठरा नाही, वीसही नाही. मावशी म्हणाल्या, "अगं, एवढ्या मापाच्या माणसाचा दंड जरासा मोठा नसतो, चांगलाच मोठा असतो." टाकेबाईने घरी येऊन ती ओळ घातली. यावेळी तिसरा कंपायलर एक शब्द बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं तिला शाबासकीसारखं वाटलं.

गुरुवारी साहेबांनी तक्ते उलटेपालटे करून पाहिले. "आकडे काय, कागदावर कुणीही छापेल. यातल्या सगळ्यात मोठ्या मापाची बाही आत्ता विणून दाखवा."

नुकत्याच लागलेल्या एका मुलीला तक्ता दिला. तिने आयुष्यात चव्वेचाळीस विणलं नव्हतं. मावशींनी मुद्दाम पाठ फिरवली. तासाभराने बाही शिवून टेबलावर आली. साहेबांनी कोट उतरवला. ते स्वतः चव्वेचाळीस घालत, आणि कारखान्याचे बहुतेक स्वेटर आपल्याला दंडात बसत नाहीत हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हात आत गेला. कोपर, दंड, खांदा. त्यांनी कोपर वाकवलं, मग कपाटावरच्या फळीवरची फाइल काढून परत ठेवली. सगळी मशीनं थांबली होती.

"बाई," बाही न काढताच साहेब म्हणाले, "त्या टेबलावरचा पंखा फार कटकट करतो. चालेल ना तुम्हाला?"

"चालेल," टाकेबाई म्हणाली. "कटकट करणाऱ्यांशी माझं जमतं."

आणि ती जाऊन बसली. मूळ कागद पुढ्यात घेतला, चव्वेचाळीसच्या रकान्यातल्या रेघेवर पेनाने ठळक तेवीस लिहिलं आणि मनातल्या मनात देवाला सांगितलं, दिसली रे चूक. पलीकडे मावशी मुलींना सांगत होत्या की तो आकडा आपल्या हातातला आहे, आणि ते अगदी खरं होतं.