आईपुरता टर्बो

नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि त्या घरात मला एक काम मिळालं. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला नगरला न्यायचं. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यातलं. दादाचं खताचं दुकान होतं, त्याला सवड नसायची. वहिनीला गाडी चालवता येत नव्हती, मला येत होती. गाडी दादाचीच, जुनी, डिझेलची. चावी देताना तो दर वेळी आधी डिझेलचा काटा बघायचा आणि आम्ही परतलो की पुन्हा बघायचा.

उन्हाळ्यात गाडी चढाला दम सोडायला लागली. बॉनेटखालून बारीक शिट्टी यायची आणि मागे निळा धूर. एकदा नगरहून परत निघालो तर केडगावच्या पुढे ती जाईचना. जवळच ओळखीचं गॅरेज होतं, तिथपर्यंत कशीबशी नेली. मेकॅनिकने एक जाड पाइप काढला आणि आतला छोटा पंखा बोटाने हलवून दाखवला.

"टर्बो गेलाय, ताई. हा पंखा असा डुगडुगायला नको. इंजिनात हवा कोंबायचं काम याचं. आता हवा तर देत नाहीच, वर ऑइल प्यायला लागलाय."

मी दादाला फोन केला. "मी येईस्तोवर कशाला हात लावू देऊ नको," असं म्हणून तो मोटरसायकलवर आला. आई तोवर मागच्या सीटवर आडवी होती. डायलिसिस झाल्यावर तिच्यात जीव राहत नसे. गाडीचं दार उघडं ठेवलं होतं, वारं लागावं म्हणून.

मेकॅनिकने दादाला तीन पर्याय सांगितले. कंपनीचा नवा टर्बो घ्यायचा, तो सगळ्यात महाग. नाहीतर हाच खोलून आतला पंखा आणि दांडा नवा टाकायचा. नाहीतर एका अपघाताच्या गाडीतून काढलेला एक त्याच्याकडे पडून होता, तो बसवायचा.

"तुम्हाला गाडी अजून किती चालवायचीय, त्यावर आहे," तो म्हणाला.

दादाने गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "आई हाय तोवर," तो म्हणाला. "मग इकूनच टाकायचीय." आणि माझ्याकडे वळून, "डॉक्टर काय म्हनला तुला? वरीसभर ना? मग वरीसभर चालंल असलं टाका."

मेकॅनिक हातातल्या फडक्याला बोटं पुसत राहिला.

"दादा, आई जागी आहे," मी म्हटलं.

"असू दे की. खोटं बोलतोय का मी?"

आईचे डोळे मिटलेले होते, पण पदराचं टोक ती बोटांत चुरगळत होती. मेकॅनिकला राहवलं नाही. "मावशी चांगल्या धडधाकट होतील हो," तो म्हणाला. दादा हसला. "मग तुमीच आनत जावा तिला दवाखान्यात."

मी म्हटलं, नवा टाकू. घाटाचा रस्ता आहे, आजारी माणूस गाडीत असतं, मध्येच बंद पडली तर मी काय करू? दादा म्हणाला, "तुज्या नवऱ्याकडून आन पैसे."

तेवढ्यात आईने डोळे उघडले. मला वाटलं, आता तरी ती त्याला काही बोलेल.

"कशाला वाद घालती गं?" ती मला म्हणाली. "बरोबर बोलतोय त्यो. मला काय करायचंय नवं? तुला गाडी उडवायला पायजे, म्हनून माजं नाव फुडं करती."

अपघाताच्या गाडीतला टर्बो बसवायचं ठरलं. मेकॅनिक म्हणाला, निदान त्याला ऑइल पोचवणारा पाइप तरी नवा टाका, जुन्यात काजळी धरलीय, ऑइल पोचलं नाही तर हाही जाईल. दादा म्हणाला, साफ करून तोच लावा. मेकॅनिक म्हणाला, मग मी गॅरंटी देणार नाही. दादा पुन्हा गाडीकडे बघत म्हणाला, "हितं गॅरंटी कुनाची हाय?"

पुढच्या खेपेला डायलिसिसच्या खोलीत आईने शेजारच्या पलंगावरच्या बाईला सांगितलं, "माज्या लेकानं गाडीला नवं मशीन टाकलं, कंपनीचं. म्हनला, आई, तुला तरास नको." त्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण? "लेक हाय. नांदली न्हाई," आई म्हणाली. "गाडी चालवती."

गाडी पावसाळा संपेपर्यंत चालली. मग एके सकाळी घाट चढताना मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिनाचा आवाज वाढतच गेला. मी क्लच दाबून गाडी कडेला घेतली, गिअर काढून हँडब्रेक ओढला, चावी फिरवली. चावी माझ्या हातात आली आणि इंजिन तसंच किंचाळत राहिलं. टर्बोतून आलेलं स्वतःचंच ऑइल पिऊन ते पळत होतं, हे मला नंतर कळलं. पांढऱ्या धुरात मला रस्ता दिसेना. मी मागचं दार उघडलं आणि आईला बाहेर ओढलं. तिच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर जोडलेली होती, त्या हाताला धरायचं नसतं, म्हणून काखेत हात घालून ओढलं. तिच्या पायात बळ नव्हतं. आम्ही दोघी खडीवर पडलो. इंजिन आणखी थोडा वेळ ओरडलं आणि खाडकन थांबलं.

कांद्याच्या गोण्या घेऊन चाललेला एक पिकअप थांबला. आईला पुढे बसवलं, मी मागे गोण्यांवर. तिथून दादाला फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने विचारलं, "गाडी लॉक केली का?"

आम्ही पोचलो तोवर आईची वेळ दुसऱ्याला दिली गेली होती. दुपारभर ती भिंतीला टेकून धापा टाकत बसली. मशीन मोकळं झालं, सुया लागल्या, तेव्हा कुठे दादा आला. आधी घाटात जाऊन गाडी बघून आला होता. दारातूनच म्हणाला, "इंजिन जाळलं हिनं."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे पाहिलं.

"मी म्हनत हुते, हळू चालव," आई म्हणाली. "ऐकती का?"

त्या सकाळी गाडीत ती एक शब्दही बोलली नव्हती.

गाडी ओढून त्याच गॅरेजला नेली होती. तिच्यातली आईची चादर आणायला मी गेले, तेव्हा मेकॅनिकने मला टर्बोला ऑइल पोचवणारा तो जुना पाइप दाखवला. आत काडीसुद्धा जाणार नाही इतका तो चोंदला होता; थेंबाथेंबाने मिळणाऱ्या ऑइलवर फिरून टर्बो झिजला आणि आतून गळायला लागला होता. "तुमच्या भावाला कालच दाखवला," तो म्हणाला. घरी दादाने ते सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, तर आई म्हणाली, त्या मेकॅनिकला पैसे चारलेस का?

इंजिन दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. गाडी भंगारात गेली. दिवाळीला दादाने नवी घेतली. आईच्या हातून नारळ फोडला, तिला पुढच्या सीटवर बसवून फोटो काढला. दवाखान्याचा विषय मी काढला, तर वहिनी म्हणाली, "आईंना उलटी होते ना गाडीत. नव्या सीटा आहेत."

तेव्हापासून आम्ही एसटीने जातो. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष उलटून गेलंय. मागच्या आठवड्यात खिडकीशी बसवलं तेव्हा ती जरा बरी होती, म्हणून मी विचारलं, "आई, दादाची बाजू एवढी का गं घेतेस?"

ती बाहेर बघत म्हणाली, "मला आग त्योच देनार हाय."

"मीही देईन की."

"तुज्या हातची नको," ती म्हणाली आणि हसली. किती तरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. हसता हसता तिला खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, तोंड पुसलं.

नगरचं स्टँड आलं. मी आधी उतरले, पिशवी खांद्याला अडकवली आणि तिला उतरवून घ्यायला हात वर केले. तिने ते बाजूला सारले आणि कंडक्टरला हाक मारली.