सुनीताच्या नंबरवरून आलेला अंगठा

बायांनो, आणि तुमच्या घरातल्या गड्यांनो, हे वाचा.

मी गावात आशाताई आहे. गरोदर बायांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवते. गोळी घेतली का, गूळ-शेंगदाणे खाल्ले का, रोज विचारते. जिचं झालं, ती अंगठा टाकते.

आज सकाळी विचारलं, "बाळ हलतंय ना?" सगळ्यात आधी सुनीताच्या नंबरवरून अंगठा आला. तिला आठवा महिना आहे.

तासाभराने गिरणीत सुनीताच भेटली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "ताई, रात्रीपासनं बाळ हलंना."

"अगं, मग अंगठा कशाला टाकलास?"

"मी न्हाई टाकला. फोन ह्यांच्यापशी हाय, ऊसतोडीला नेलाय."

दळण तिथंच ठेवलं आणि रिक्षाने दवाखाना गाठला. सिस्टरने पोटावर यंत्र फिरवलं. नुसती खरखर. सुनीताने माझं मनगट आवळून धरलं. बऱ्याच वेळाने ठोके ऐकू आले. बारीक, पण आले. तिला ठेवून घेतलंय.

बाहेर येऊन तिच्या नवऱ्याला फोन लावला. लई बोलले त्याला. मग तो म्हणाला, "ताई, तुमचा मेसेज आला की मी लगेच अंगठा टाकतो. टाकला की वाटतं, ती बरी हाय."

फोन ठेवला आणि ग्रुपमधले नंबर एकेक करून पाहिले.

ग्रुपमध्ये अजून बरेच नंबर गड्यांचेच आहेत. आता मी घरोघरी निघालेय. तुमच्या घरात अंगठा टाकायच्या आधी तिला कुणी विचारतं का?