शालनच्या माश्या

खेडला लेकीकडे गेले होते. जेवायला बसतच होते, तेवढ्यात वाडीतून शेजारणीचा फोन आला. "शालन गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" लांज्याला बाजाराला, नाहीतर मुंबईला लेकाकडे, असंच मला वाटलं... पलीकडे ती रडायला लागली. मग मला कळलं.

शालनच्या आणि माझ्या घरामध्ये एक दगडी गडगा तेवढा. तिचा नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा मंगेश मुंबईला नोकरीत. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर ती मधमाश्या पाळायला शिकून आली आणि सातेरी माश्यांची एक पेटी काजूखाली मांडली. पहिल्यांदा माशी चावली तेव्हा नुसता हात सुजला. दुसऱ्यांदा अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, पेटी देऊन टाका. मंगेश फोनवर तेच सांगायचा. शालन मला म्हणाली, "तो येतो गणपतीत. ह्या रोज संध्याकाळी घरी येतात गो."

शेवटी ठरलं, पेटी ठेवायची, पण उघडायची मी. मला पालीचीही भीती! ती पडवीत जाळीआड बसायची आणि तिथून सांगायची. पेटीच्या दारासमोर उभी राहू नको, मागून जा. नारळाची सोडणं पेटवून धूर थोडाच दे. पहिल्या दिवशी पोळ्याची चौकट उचलताना ती माझ्याकडून पेटीच्या कडेला आपटली आणि माश्यांचा आवाज एकदम चढला. "थांब," ती आतून म्हणाली. "टाकू नको. धरून उभी राहा, श्वास घे." मी तशीच उभी राहिले. आवाज हळूहळू उतरला. मग तिने चौकट उन्हाकडे तिरपी करायला लावली. पोळ्याच्या घराघराच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं काहीतरी दिसत होतं. "अंडी दिसली ना? मग राणी आहे. शोधत बसू नको तिला." तिचा चेहरा जाळीला टेकला होता. तिला स्वतःला ते पाहायचं होतं, ते मला कळत होतं.

खेडला निघताना मी म्हटलं, "मी येईपर्यंत हात लावू नको." "नाही गो लावत," म्हणाली. पण त्या सकाळी पेटीवर ओंबील चढले. लाल मुंग्याच त्या, माश्यांची पिल्लं ओढून नेतात. तिला राहवलं नसणार. झाडायला गेली, माशी चावली आणि अंगणातच पडली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

बाराव्याला मंगेश माझ्याजवळ बसला. "मावशी, तुम्ही मदत केलीत म्हणून पेटी राहिली." आवाज चढवला नाही त्याने. मी नाही म्हटलं असतं, तर तिने स्वतःच उघडली असती, असं मी मनाला सांगते. कधी पटतं, कधी नाही...

दुसऱ्या दिवशी तो गवताचा भारा आणि काडेपेटी घेऊन काजूखाली गेला. बराच वेळ उभा होता. माश्या पायांना पिवळे पराग लावून येत होत्या, आत शिरत होत्या. मग भारा तिथेच टाकून परत आला. "तुमच्याकडे न्या. मला दिसायला नको."

पेटी एकदम हलवली तर माश्या जुन्याच जागी परततात, हे शालननेच सांगितलेलं. म्हणून रोज थोडी थोडी सरकवत ती गडग्याच्या अलीकडे आणली. आता ती माझ्या घरामागच्या परड्यात आहे, आणि पडवीतून सांगणारं कोणी नाही.

मध्ये एकदा मंगेशने फोनवर विचारलं, पेटी कोणत्या वारी उघडता? रविवारी, म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. माश्यांचं विचारत नाही, मधाचंही नाही.

"मावशी, घरात आलात ना?"

"आले रे."

फोन लगेच ठेवत नाही तो. मीही ठेवत नाही.