पॉइंट पंचवीस

"डेमो उद्या आहे," मी म्हटलं. "आज कशा आलात?"

"सहावी ब च्या गणिताच्या वह्या बघायला मिळतील का?" रोझलिन म्हणाली.

डेमो म्हणजे नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराने खऱ्या वर्गावर घेतलेला एक तास. उमेळ्याच्या आमच्या शाळेत गणिताची जागा रिकामी होती. मी मुख्याध्यापिका, आणि तोवर सहावीचं गणितही माझ्याकडेच. माझ्या वर्गाच्या वह्या परक्या बाईने बघाव्यात हे मला आवडलं नाही. पण नाही म्हणायला कारण सुचेना. ती स्टाफरूममध्ये दोन तास बसली आणि स्कूटर काढून निर्मळला घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आधी सहावी अ वर दुसऱ्या उमेदवार मॅडम. एमएस्सी, प्रोजेक्टर, खणखणीत आवाज. विषय दोघींना एकच, दशांश अपूर्णांक.

"समजलं?"

"हो, टीचर!"

"हीच घ्या," मागच्या बाकावर संस्थेचे चेअरमन माझ्या कानात म्हणाले.

मग ब वर्ग. रोझलिनने फळ्यावर 0.5 आणि 0.25 लिहिलं. मोठं कोणतं? जवळपास सगळा वर्ग 0.25 च्या बाजूने.

"का गं?" तिने मनालीला विचारलं.

"पंचवीस पाचपेक्षा मोठे ना."

"पंचवीस कुठे आहेत?"

"पॉइंट पंचवीस. मोठ्या टीचर असंच वाचतात."

मोठ्या टीचर म्हणजे मी. पॉइंटनंतरचे अंक सुटे वाचायचे, शून्य पॉइंट दोन पाच, हे मला माहीत होतं. घाईत पंचवीस म्हणायची सवय लागली होती. चेअरमन माझ्याकडे बघत होते. मी मार्कांच्या कागदात डोकं घातलं.

रोझलिन हसली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तिने पिशवीतून घरचा भाजी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि मिरच्या काढल्या आणि मनालीला तोलायला लावल्या. काट्यावर 0.500 आलं.

"हे किती?"

"अर्धा किलो."

निम्म्या मिरच्या काढल्या. 0.250.

"पाव किलो."

दोन्ही आकडे फळ्यावर लिहून तिने शेवटची शून्यं पुसली. "मिरच्या कमी झाल्या?"

"नाही." मनालीने दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे पॉइंट पाचच मोठा?"

इतक्यात घंटा झाली. निम्मा धडा राहिला होता.

"धडा अपुरा," चेअरमन ऑफिसात म्हणाले. "वर मुख्याध्यापिकेची चूक वर्गासमोर काढली."

"चूक मुलीने काढली, सर. आणि ती माझीच आहे."

"तरीपण."

"उद्या दोन्ही वर्गांना एकच गणित देऊ," मी म्हटलं.

दिलं. 0.3 मोठं की 0.15? 'हो टीचर' म्हणणाऱ्या अ वर्गात बहुतेकांनी 0.15 लिहिलं. ब वर्गात चुकणारे थोडेच निघाले. चेअरमननी पेपर दोनदा चाळले आणि रोझलिनच्या नेमणुकीवर सही केली.

ती रुजू झाली त्या दिवशी मी विचारलं, "वह्यांत काय दिसलं होतं?"

"सगळ्यांची चूक एकच होती. अख्खा वर्ग आपापल्या मनाने एकसारखा चुकत नाही, तसं कुणीतरी शिकवलेलं असतं."

"मग मला आदल्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"नोकरी हवी होती, टीचर. वर्गात कुणी नाव घेईल असं वाटलं नव्हतं."

चांगल्या शिक्षकाला काय लागतं, असं नवे उमेदवार मला विचारतात. मी सांगते, विषय यावा, मुलं आवडावीत, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. आणि आपण जे शिकवलं त्यातलं मुलांनी नेमकं काय ऐकलं, ते तपासायची सवय हवी. पहिल्या तिन्ही गोष्टी माझ्याकडे नोकरीभर होत्या.