रक्त पातळ करायची गोळी

आमच्या ह्यांचा स्वभाव असा, की पाय मोडून बसले असतील आणि कुणी विचारलं, तरी म्हणतील, "बरं हाय." सेनगावात उभा जन्म शिलाई मशीनवर काढला, पण पाठ दुखते असं कधी तोंडातून निघालं नाही. त्यामुळं हैदराबादच्या डॉक्टरीणबाई ह्यांना त्या औषधाचे नियम सांगायला लागल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही चुकीच्या माणसाला सांगताय.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे, अल्झायमर, पण अजून सुरुवातीचा. महिन्यातून एकदा सलाईनसारखं ते औषध शिरेतून सोडतात. त्यानं आजार जात नाही, फक्त त्याची चाल मंदावते, आणि तीसुद्धा सगळ्यांची सारखी नाही, हे बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं. औषधामुळं कधी मेंदूला सूज येते, कधी बारीकसा रक्तस्राव होतो. बऱ्याचदा माणसाला ते कळतही नाही, म्हणून मधूनमधून एमआरआय काढायचा. डोकं दुखलं, चक्कर आली, नजर धूसर झाली, गोंधळ वाढला, तर लगेच फोन करायचा. रक्त पातळ करायची गोळी घ्यायची नाही, आणि दुसरी कुठलीही विचारल्याशिवाय नाही. गोंधळ वाढला हे मी ओळखू कसं, मी विचारलं. हा माणूस लग्न झाल्यापासून कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, आणि किल्लीपासून नातवाच्या पडलेल्या दातापर्यंत हातातली बारीक वस्तू बटणांच्या डब्यात टाकून विसरतो. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, फरक पडला तर तुम्हालाच आधी कळेल.

पहिल्या वेळी औषध संपता संपता ह्यांना हुडहुडी भरली, अंग तापलं. नर्सनं विचारलं, काय होतंय? दातावर दात वाजत होते आणि हे म्हणतात, "बरं हाय!" मग मीच सगळं सांगितलं. नर्सनं तापाचं औषध दिलं, तासाभरात ताप उतरला. परतीच्या गाडीत ह्यांनी स्वतःची भाकरी खाल्ली आणि माझीही.

खरी भीती गल्लीतच होती. आमच्याकडं गोळ्यासुद्धा वानोळ्यासारख्या फिरतात. शेतातून तुरीच्या शेंगा आल्या की शेजारीपाजारी जातात, तशी एकाला गुण आलेली गोळी दुसऱ्याच्या घरी जाते. समोर भाईजानचं बांगड्यांचं दुकान. ह्यांचे ते लहानपणापासूनचे दोस्त. ईदला त्यांचा शीरखुर्मा आमच्याकडं, जयंतीला आमची खीर त्यांच्याकडं. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून ते रक्त पातळ करायची गोळी घेतात, आणि तिचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.

एका सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर भाईजान खुशीत. ह्यांच्या पायाला मुंग्या येतात म्हणे, रक्त गाढं झालं असणार. "फिकर करू नका भाभी, माझी एक गोळी दिली त्यांना."

डबा मी तसाच दुकानात टेकवला. खाल्ली का, विचारलं. भाईजान म्हणाले, हातावर ठेवली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, पुढचं पाहिलं नाही.

घरी हे नातीच्या फ्रॉकला बटणं लावत बसलेले. गोळी घेतली का, मी विचारलं. कसली गोळी, तेच त्यांना आठवेना. मी सदऱ्याचे खिसे उलटे केले, गादी झटकली, मशीनचे खण उपसले. हैदराबादला फोन लावला. नर्स म्हणाली, आधी गोळीचा शोध घ्या, त्यांना एकटं सोडू नका, डोकं दुखलं किंवा बोलणं अडखळलं तर सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि हे औषध चालू आहे ते तिथं सांगा. पुढचं औषध द्यायचं का थांबवायचं, ते डॉक्टर ठरवतील.

तेवढ्यात भाईजान धापा टाकत आले. मी त्यांना असं फैलावर घेतलं की विचारू नका. बिचारे मान खाली घालून ऐकत होते. दोस्तीत दिली, एवढंच म्हणाले. ते मला माहीत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता.

ह्यांनी बटणासाठी डब्यात हात घातला, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबा हिसकून घेतला आणि परातीत उपडा केला. पांढऱ्या बटणांचा ढीग! तिघंही परातीभोवती बसलो आणि तांदूळ निवडावेत तसं एकेक बटण बाजूला काढू लागलो. मला घाईत काही दिसेना, भाईजान चष्मा विसरून आलेले. सापडली ती ह्यांच्याच बोटांना.

"ह्याला भोकं न्हाईत," हे म्हणाले.

भाईजाननी गोळी डोळ्याजवळ नेऊन पाहिली. हीच, म्हणाले, आणि भिंतीला टेकले. माझ्याही जिवात जीव आला.

"खाल्ली काहून न्हाई तुमी?" मी विचारलं.

हे बटणं परत डब्यात भरायला लागले. मग म्हणाले, "तू न्हाई म्हणली होतीस. काहून, ते आठवेना."

माझं बोलणं हे एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात, असं मी जन्मभर ज्याला-त्याला सांगत आले. मला रडूच फुटलं. चहा ठेवते म्हणून उठले, तर हे मागून आले आणि रडून काहून राहिलीस म्हणून विचारायला लागले.

"बरं हाय," मी म्हणाले.