दुसरी फोड

आमच्या वन्संचा जगावर विश्वास नव्हता. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. दाराची बेल वाजली की त्या आधी “काय काम आहे?” विचारायच्या आणि मग “कोण?” दुकानदाराने एखादी वस्तू स्वस्तात दिली तर ती परत करून यायच्या, कारण स्वस्त दिली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणार. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा माझ्या हातचा पहिला चहा त्यांनी नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “या पातेल्यात आधी अंडी उकडली होतीस.” उकडली होती. तेव्हापासून मी त्यांना घाबरून असायचे, आणि घाबरायला लागतं म्हणून मनातल्या मनात चरफडायचेही.

त्यांचं स्वतःचं लग्न वर्षभरही टिकलं नाही. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. विचारलं तर एवढंच म्हणायच्या, “वास आला.” कसला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्या भावाकडे परत आल्या आणि डेअरीत लागल्या. असं नाक आणि असा स्वभाव असलेल्या बाईला दुसरं काम तरी कोणतं जमलं असतं?

पहाटेपासून दुधाचे कॅन डेअरीच्या ओट्यावर उतरतात. वन्सं एकेकाचं झाकण उचलायच्या, झाकणाची आतली बाजू नाकाशी न्यायच्या आणि हाताने खूण करायच्या, आत किंवा परत. दुधात पाणी किती, स्निग्धांश किती, हे यंत्र सांगतं. पण गाईने काय खाल्लं, कॅन कशाने धुतला, गाडीत कॅनच्या शेजारी काय ठेवलं होतं, हे आमच्याकडे फक्त वन्संना कळायचं. गाडीवाले त्यांना तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे नाकाबाई. मी त्याच डेअरीत पिशव्या भरायच्या विभागात होते, त्यामुळे घरी आणि कामावर, दोन्हीकडे माझ्या डोक्यावर त्याच.

मागच्या थंडीत वन्सं तापाने पडल्या. सर्दी अशी की उशीवर डोकं टेकवेना. बऱ्या होऊन कामावर गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांनी एक अजब प्रकार सुरू केला. त्या सगळ्यांना खाऊ घालायला लागल्या.

खाऊ म्हणजे एक डिप. हा शब्द त्यांनी चीजच्या डब्यावर वाचला होता, आमचा कारकून मात्र त्याला “ते बुडवायचं” म्हणायचा. शेगडी नको, भट्टी नको. सकाळी पास झालेल्या प्रत्येक कॅनमधून नमुन्याला काढलेलं जे दूध उरायचं ते तपासणीच्या खोलीत जरा कोमट करून, तिथल्या हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रातून त्या साय काढून घ्यायच्या. त्यात मऊ चीज आणि चमचाभर मध घालून घट्ट होईपर्यंत फेटायच्या आणि वाडगा फ्रिजमध्ये ठेवायच्या. जेवायच्या सुट्टीत सफरचंद, पेर, केळं चिरायचं, द्राक्षं सुटी करायची, सफरचंद काळं पडू नये म्हणून त्यावर लिंबू पिळायचं आणि सगळं मध्ये मांडायचं. ज्याने त्याने फोड उचलावी, बुडवावी, खावी.

आता जी बाई शेजारणीला काड्यापेटीतल्या काड्यासुद्धा मोजून द्यायची, ती रोज सबंध डेअरीला फळं चारते म्हटल्यावर कुणाच्या मनात पाल चुकचुकणार नाही? माझा नवरा म्हणाला, छोटीला काहीतरी पाहिजे आहे. कारकुनाचं म्हणणं, बाई संघटनेच्या निवडणुकीला उभ्या राहणार. आमच्या विभागातल्या बायकांनी तर ठरवूनच टाकलं की टँकरवाला त्यांच्या मनात भरलाय, आणि ही गोष्ट टँकरवाल्याच्या कानावर गेल्यापासून तो भांग पाडून यायला लागला.

माझा संशय वेगळा होता. डेअरीला नवे साहेब आले होते आणि ओट्यावर कुणाला ठेवायचं, कुणाला हलवायचं, याचा फेरविचार चालू होता. वन्सं साहेबांना लोणी लावताहेत, असं मला वाटत होतं. पण मग साहेब नसतानाही त्या वाडगा का मांडायच्या? मी लक्ष ठेवायला लागले. या घरात येऊन एवढं तरी शिकले होते.

पहिली गोष्ट, त्या डिपमध्ये दुसरं काही घालू देत नसत. मी एकदा हौसेने व्हॅनिलाची बाटली नेली तर त्यांनी ती माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. म्हणाल्या, यात काही घालायचं नाही. दुसरी गोष्ट, स्वतः एक फोड खाऊन झाली की त्या वाडग्यासमोर बसायच्या आणि लोकांच्या हातांकडे बघायच्या. कुणी छान म्हणालं, मस्त म्हणालं, तरी त्या हूं की चूं करत नसत. तोंडावर कोण काय म्हणतं याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. त्या बघायच्या ते हात पुन्हा वाडग्याकडे जातो का. पहिली फोड माणूस तोंडदेखली घेतो. दुसरी तो मनापासून घेतो.

आणि एकदा वाडगा अर्धा उरला. त्या दिवशी जेवणानंतर वन्संनी सकाळचं दूध घेऊन निघणारा टँकर अडवून ठेवला आणि रिकामे कॅन पुन्हा तपासायला लावले. एका कॅनला फिनेलचा वास निघाला. साहेबांनी विचारलं तर म्हणाल्या, शंका आली. त्यांना शंका येण्याचं कुणालाच नवल नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली येताना जिन्यातच करपल्याचा वास आला. धावत आत गेले. वन्सं स्वयंपाकघरात टेबलाशी, शेगडीकडे पाठ करून द्राक्षं खुडत बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या वळल्या, धूर पाहिला आणि म्हणाल्या, “करपलं वाटतं.” डेअरीच्या ओट्यावर बोलतात त्याच ठाम आवाजात.

मी पातेलं उचलून मोरीत ठेवलं. वन्संना वास येत नव्हता. तापाबरोबर त्यांचं नाक गेलं होतं आणि त्या रोज पहाटे ओट्यावर उभ्या राहून नुसतंच झाकण नाकाशी नेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले आणि लांबून बघत राहिले. त्या झाकण नाकाला लावायच्या आणि बघायच्या मात्र गाडीवाल्याकडे. जो नजर चुकवेल, जो उगाच हसेल, जो हवापाण्याच्या गप्पा काढेल, त्याचा कॅन परत. नाक गेलं होतं, संशय शिल्लक होता, आणि त्या बिचाऱ्या त्याच्यावर गाडा हाकत होत्या. पण संशयावर त्यांचाही पुरता भरवसा नसणार. म्हणून तो वाडगा. वास सगळ्यात जास्त सायीत धरतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. घरातही सायीच्या भांड्याशेजारी कापलेला कांदा ठेवला की त्या घर डोक्यावर घ्यायच्या. सकाळी पास केलेल्या सगळ्या दुधाची साय त्या वाडग्यात असायची आणि आम्ही सगळे मिळून त्यांचं नाक होतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. ओटा गेला तर या बाईकडे उरलं काय? ना स्वतःचं घर, ना माणूस. गाडीवाले टरकून असायचे, तेवढाच काय तो मान. मला त्यांचा राग यायचा हे खरं, पण त्या दिवसांत रागापेक्षा कीवच जास्त यायची. वाडगा रिकामा होतो तोवर सगळं ठीक आहे, अशी मी मनाची समजूत घातली.

पण वाडगा रिकामा व्हायला आणखीही कारण असतं, हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

एके दिवशी साहेब स्वतः जेवायच्या खोलीत आले. डिपबद्दल त्यांनी ऐकलं होतं. खुर्ची ओढून वाडग्यासमोर बसले, पेराची फोड बुडवली, खाल्ली, क्षणभर थांबले आणि “वा, वेगळीच चव आहे” म्हणाले. मग लगेच दुसरी घेतली. नाकाबाईंनी केलेला पदार्थ एका घासावर सोडायची साहेबांचीही हिंमत नसावी. साहेब खाताहेत म्हटल्यावर कारकुनाने दुसरी घेतली, टँकरवाल्याने तिसरी, बायकांनी तर रांग लावली. मी सफरचंदाची फोड बुडवून तोंडात टाकली. आधी मध लागला, मागून लिंबू, आणि त्याच्याही मागून घशाशी डिझेल.

मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. सगळे चावत होते, हसत होते, साहेबांकडे बघून मान डोलावत होते. वाडग्याचा तळ दिसायला लागला. वन्संच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. त्यांनी टँकरवाल्याला मानेने खूण केली, तो हात पुसत बाहेर गेला आणि त्याने टँकर सुरू केल्याचा आवाज आला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. माझा हात मांडीवर होता.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “तू दुसरी नाही घेतलीस.”

एक फोड उचलली असती तर प्रकरण मिटलं असतं. त्यांचा ओटा राहिला असता आणि ते दूध गावभर गेलं असतं. बाजूला घेऊन सांगू म्हटलं तर बाहेर टँकर वळत होता. खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची ती भीती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी सरळ विचारलंय.

“नाही घेणार, वन्सं,” मी म्हणाले. “डिझेलचा वास येतोय.”

साहेबांच्या हातातली फोड हातातच राहिली. वन्संनी मला नीट न्याहाळलं, गाडीवाल्यांना न्याहाळायच्या तसं. मी नजर चुकवली नाही. मग त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि टँकर थांबवायला सांगितला.

आता सगळ्यांना वास यायला लागला. कारकून म्हणाला, मला मघाशीच जरा वाटलं होतं. साहेबांनी तोंड पुसत विचारलं की सकाळी हे दूध पास कसं झालं. कॅन नजरेतून सुटला, असं वन्संना म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांत एक कॅन सुटला तर कुणी काही बोललं नसतं.

“मला वास येत नाही,” त्या म्हणाल्या. “तापातून उठले तेव्हापासून.”

एवढं बोलून त्या वाडगा उचलून धुवायला गेल्या. रिकामे कॅन हुंगायला साहेबांनी मलाच पाठवलं. दोषी कॅन सापडला. आणणाऱ्याच्या गाडीत शेजारी गळका डिझेलचा डबा होता.

पुढे व्हायचं तेच झालं. ओटा मला मिळाला आणि वन्सं पिशव्या भरायच्या विभागात माझ्या जागेवर बसल्या. लोकांना आयतं कोलीत मिळालं. भावजयीने नणंदेचा काटा काढला, साहेबांसमोर मुद्दाम वेळ साधली, एवढे दिवस लक्ष ठेवून होती. त्यातलं शेवटचं तर खरंच होतं. नवऱ्याने जेवताना मान वर न करता विचारलं, बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का तुला? मी टँकरचं सांगितलं. तो बरं म्हणाला, पण त्याला ते पटलं नव्हतं.

वन्सं घरात यायच्या, जेवायच्या, खोलीत जायच्या. दारावरची बेल वाजली तरी कोण म्हणून विचारत नसत. ज्या बाईने जन्मभर प्रत्येकावर संशय घेतला ती माझ्यावर घेणार नाही, हे कसं शक्य होतं? त्यांनी भांडावं असं मला वाटायला लागलं. ओट्यावर माझी वेगळीच गत होती. झाकण उचलताना मला गाडीवाल्यांच्या चेहऱ्यात खोट दिसायची. टॉवेल वापरण्याआधी मी हुंगून बघायला लागले. एकदा नवऱ्याचा शर्ट हुंगताना स्वतःलाच पकडलं आणि घडी घालून ठेवून दिला.

मग एका सुट्टीच्या दुपारी मी झोपून उठले तर टेबलावर वाडगा होता. शेजारी बशीत सफरचंदाच्या फोडी, वर लिंबू पिळलेलं. वन्सं समोर बसल्या होत्या. ये म्हणाल्या नाहीत, खा म्हणाल्या नाहीत. मी बसले आणि, काय करणार, सवयच लागली होती, फोड बुडवून तोंडात घालण्याआधी नाकाशी नेली.

व्हॅनिला होता. नाकात झिणझिण्या याव्यात इतका होता. मोरीच्या कठड्यावर मी आणलेली ती बाटली पडली होती, जवळजवळ रिकामी.

मी फोड खाल्ली. वन्सं माझ्या हाताकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“जास्त झालाय का गं?” त्यांनी विचारलं. “मला कळत नाही.”

“खूपच जास्त झालाय, वन्सं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. न्याहाळलं नाही, पुन्हा विचारलं नाही.

“मग पुढच्या वेळी तू घाल,” त्या म्हणाल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली. मी दुसरी फोड घेतली.